उतरण्यापुरते इंधन

26 सप्टेंबर 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी35 झेपावले, तेव्हा त्यात आठ उपग्रह होते. त्यांतला ‘प्रथम’ हा पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी घडवलेला. वजन सुमारे 10 किलो, काम आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांच्या मोजणीचे. प्रकल्प सुरू झाला 2007 साली; म्हणजे विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या तो पुढच्यांच्या हाती सोपवून बाहेर पडल्या. अपेक्षित आयुष्य होते चार महिन्यांचे.

‘प्रथम’ला इंजिन नव्हते. विद्युतचुंबकांच्या जोरावर तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात स्वतःला वळवू शके, पण कक्षा बदलणे त्याच्या हातात नव्हते. त्याला सोडले होते सुमारे 670 किलोमीटर उंचीवर. तिथली हवा इतकी विरळ, की असा उपग्रह आपसूक खाली यायला कित्येक दशके जातात. काम संपते, फिरणे संपत नाही. तेही सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने. 10 फेब्रुवारी 2009 रोजी चालू स्थितीतला इरिडियम-33 आणि बंद पडलेला कॉसमॉस-2251 असेच एकमेकांवर आदळले आणि त्यांचे हजारो तुकडे झाले.

मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. 670 किलोमीटरवरून कक्षेचा एक टोकबिंदू दाट हवेत आणायचा, तर वेग सेकंदाला साधारण 170 मीटरने कमी करावा लागतो. त्यासाठी 10 किलोच्या उपग्रहाला लागणारे इंधन भरते जेमतेम किलोभर! टाकी, झडपा आणि इंजिनाचे वजन वेगळे धरावे लागेल, हे खरे. तरीही एवढ्याशा आकड्यासाठी जगभरच्या विद्यापीठांतल्या प्रयोगशाळा का झटतात, हे मला त्या हिशेबानंतर नीट कळले.

प्रश्न आहे तो कोणते इंधन, हा. उपग्रहांच्या छोट्या इंजिनांत आजवर राज्य केले हायड्रॅझिनने. ते उत्प्रेरकावर सोडले की विघटन होऊन तप्त वायू तयार होतात, ठिणगी लागत नाही. पण ते विषारी आहे, कर्करोगकारक मानले जाते, आणि भरणाऱ्यांना नखशिखान्त बंद पोशाख घालावा लागतो. शिवाय 2 अंश सेल्सिअसला गोठते, म्हणून अवकाशात त्याला सतत ऊब द्यावी लागते. पवईपासून जवळच विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात, ‘विकास’ इंजिने बनतात. त्यांचे इंधनही याच कुळातले. मोठ्या संस्थांना ही जोखीम पेलते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत विशी-बाविशीच्या मुलांच्या हाती ते देणे मला मुळीच पटत नाही.

म्हणून नजर वळते हायड्रोजन पेरॉक्साइडकडे. जखमेवर ओतल्यावर फेसाळते ते घरच्या कपाटातल्या बाटलीतले औषध म्हणजे याचेच अगदी पातळ रूप. रक्तातले विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करते, त्याचा तो फेस. इंजिनात विकराच्या जागी चांदीची जाळी येते आणि द्रावण 90 टक्क्यांच्या आसपासचे. मग फेस नाही, 700 अंशांहून तप्त वाफ आणि प्राणवायू नोझलमधून सुटतात. मागे विष उरत नाही.

कल्पना जुनी आहे. जर्मनीत हेल्मुट वॉल्टर यांनी 1930च्या दशकात पेरॉक्साइडवर इंजिने चालवली. व्ही-2 क्षेपणास्त्राचा पंप त्यावर फिरे. 28 ऑक्टोबर 1971 रोजी ब्रिटनच्या ब्लॅक ॲरोने पेरॉक्साइड आणि केरोसिन जाळून ‘प्रॉस्पेरो’ उपग्रह कक्षेत नेला. पण पेरॉक्साइड लहरीही आहे. गंज, धूळ, तेलाचा थेंब, काहीही लागले की ते विघटू लागते; 2000 साली कुर्स्क ही रशियन पाणबुडी बुडाली, ती टॉर्पेडोतल्या गळक्या पेरॉक्साइडमुळे.

इथे मला माझे गाव आठवते. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. स्टील ॲसिडमध्ये बुडवून साफ करायचे, पॉलिश करायचे, हे तिथल्या कामगारांचे रोजचे काम. पेरॉक्साइडच्या टाक्याही नायट्रिक आम्लाने धुऊन, पृष्ठभागावर संरक्षक थर बसवूनच वापरात घेतात. या कामाची जाण असलेले हात भाईंदरला आणि इंजिनाचा अभ्यास पवईत. या दोघांची गाठ पडायला हवी, असे मला मनापासून वाटते.

दुसरी वाट पुण्यातून जाते. खडकवासल्याजवळ गिरीनगरला डीआयएटी हे अभिमत विद्यापीठ आहे. तिथे विकास भोसले आणि प्रशांत कुलकर्णी यांनी इंधन म्हणून आयनिक द्रवांवर काम केले. हे द्रव म्हणजे साध्या तापमानालाही पातळ राहणारे क्षार. त्यांची वाफ जवळजवळ होतच नाही, त्यामुळे श्वासावाटे धोका नगण्य. ते ठिणगीशिवाय आपोआप पेट घेतात का, याची चाचणी पाहायला साधी: तीव्र नायट्रिक आम्लासारख्या ऑक्सिडीकारकात इंधनाचा एक थेंब सोडायचा आणि वेगवान कॅमेऱ्याने स्पर्शापासून पहिल्या ज्वाळेपर्यंतचा काळ मोजायचा. तो मिलिसेकंदांत भरला पाहिजे. उशीर झाला तर दोन्ही द्रव इंजिनात साचतात आणि मग एकदम भडकून ते फोडतात. भोसले पुढे दक्षिण कोरियात सेजिन क्वोन यांच्या गटात गेले. त्या गटाच्या 2020च्या शोधनिबंधात आयनिक द्रवात पूरक द्रव्य मिसळून पेरॉक्साइडसोबत आपोआप पेट घेणारे मिश्रण साधले आहे. नायट्रिक आम्लाची जागा पेरॉक्साइडने घेणे ही माझ्या मते या साऱ्या कामातली सर्वांत मोलाची पायरी.

पवईतले बीज कंपनीच्या रूपाने वाढले. आयआयटीचे माजी विद्यार्थी तुषार जाधव आणि अष्टेश कुमार यांनी 2017 साली ‘मनस्तु स्पेस’ काढली. तिचे इंधन पेरॉक्साइडवर आधारलेले. 30 डिसेंबर 2024 रोजी पीएसएलव्ही-सी60च्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे पोएम-4वर, कंपनीचे ‘व्योम-2यू’ इंजिन चाचणीसाठी अवकाशात गेले.

त्या टप्प्याचेच पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. 475 किलोमीटरवर उपग्रह सोडल्यावर त्याने आपले इंजिन पुन्हा पेटवले, 350 किलोमीटरवर उतरला, उरलेले इंधन बाहेर सोडून दिले आणि 4 एप्रिल 2025 रोजी हिंदी महासागरावर वातावरणात शिरला. भारताने 2030पर्यंत आपल्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचे ठरवले आहे. विद्यार्थ्यांचे उपग्रह त्यातून वगळलेले नाहीत.