कॅमेरा हाती आला, दृष्टीचे काय?

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा होईपर्यंत सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर सहकाऱ्यांच्या साहाय्याने कॅमेराच घरी घडविला. एवढ्या सायासाने मिळविलेले हे साधन आज रिसोड-मानोऱ्याच्या तरुणांच्या खिशात आहे. स्मार्टफोनवर चित्रपट निघू शकतो काय, हा वाद आता उरलेला नाही. शॉन बेकर यांचा ‘टँजरीन’ (२०१५) आयफोनवर चित्रित झाला. विशाल भारद्वाज यांचा ‘फुरसत’ (२०२३) हा लघुपटही तसाच. प्रश्न आहे तो, या साधनाने पाहावयाचे काय, हा.

वाशीम जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी मदतयोजना जाहीर केली, त्यांत वाशीम होता. अशा भागाचे चित्रण बहुधा बाहेरून आलेला माणूस करतो. मोटार थांबते, विधवेचे अश्रू टिपले जातात, मोटार निघून जाते. परंतु पेरणीपूर्वीचे उधारीचे गणित, सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने दिलेली ओढ, बाजार समितीत ओलाव्याच्या सबबीवर पाडला जाणारा भाव, या गोष्टी एका दिवसाच्या मुक्कामात दिसत नाहीत. हंगामभर तेथे राहणाऱ्यालाच त्या दिसतात. कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी बाबूरावांनी ‘सावकारी पाश’मध्ये १९२५ सालीच पडद्यावर आणला. तो काही यंत्राच्या बळावर नव्हे.

तथापि, साधन सुलभ झाले म्हणजे कला सुलभ झाली असे नाही. फोनचे भिंग व संवेदक इवलेसे. दिवेलागणीला चित्र गढूळ होते. बोलणारा चार पावले दूर गेला, की संवादाऐवजी वाराच ऐकू येतो. यावरचे उपाय मात्र महागडे नाहीत. दुसरा फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून आवाज वेगळा मुद्रित करावा. चित्र झूमने ओढण्यापेक्षा आपणच दोन पावले जवळ जावे.

खरा संयम अन्यत्र लागतो. फिल्म महाग होती तेव्हा दिग्दर्शक आधी विचार करी आणि मग कळ दाबी. आता कळ दाबण्यास पैसा पडत नाही, म्हणून दुःखही फुकट टिपता येते असा समज होण्याचा धोका आहे. ज्याच्या घरावर आपत्ती कोसळली त्याची संमती घेणे, चित्रण प्रथम त्यालाच दाखविणे आणि त्याने नको म्हटल्यास ते पुसून टाकणे, एवढे पथ्य पाळलेच पाहिजे. परक्याला ते टाळता येईल. गावकऱ्याला उद्या त्याच पारावर बसावयाचे असते.

जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी या तरुणांना ध्वनी व संकलनाचे शिक्षण द्यावे, आणि तयार झालेला चित्रपट आधी ग्रामसभेपुढे दाखवावा. आपल्या शेताचा हिशेब पडद्यावर चुकला, तर तेथे बसलेला शेतकरी तो लगेच सांगेल. इतका चोख परीक्षक मुंबईतही मिळणे कठीण.