चाचणीच्या आठवड्यात मुलांची तयारी : आपण नक्की काय मोजतो?

नेट-सेट-पेटच्या अभ्यासात ‘सप्रमाणता’ आणि ‘विश्वसनीयता’ यांच्या व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. जे मोजायचं तेच मोजलं गेलं का, ही सप्रमाणता. पुन्हा मोजलं तर तेवढंच येतं का, ही विश्वसनीयता. बहुपर्यायी प्रश्नाला तेवढं पुरतं. पण या दोन शब्दांचा खरा कस बघायचा असेल तर आपल्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चाचणीच्या आठवड्यात जाऊन बसा.

मी मूळची तळोद्याची. पीएच.डी. करतेय म्हटल्यावर सुट्टीत घरी गेलं की कोणीतरी येऊन सांगतंच, “ताई, पोरांची चाचणी आहे, चार दिवस जरा अभ्यास घ्या.” तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा अनुभव असेल. तेव्हा त्या चार दिवसांत काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आज संशोधनाच्या नजरेतून बघू.

आधी चाचण्या कोणत्या ते थोडक्यात. महाराष्ट्रात नियतकालिक मूल्यांकन चाचणी होते. वर्षातून तीन टप्पे : सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग संकलित मूल्यमापन एक आणि दोन. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे विषय. पेपर राज्यभर सारखे, तपासतात मात्र वर्गाचेच शिक्षक, आणि गुण ऑनलाइन भरले जातात. दुसरी केंद्राची. ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं, देशभरातल्या ७८१ जिल्ह्यांत. हे नमुना सर्वेक्षण आहे. त्यात एकेका मुलाचा निकाल लागत नाही, जिल्ह्याचं चित्र मिळतं. तिसरी गोष्ट म्हणजे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. तिच्यात आणि फेरपरीक्षेतही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. म्हणजे तिन्हींचा हेतू वेगळा. एक शिक्षकाला सांगते की वर्ग कुठे अडलाय, दुसरी सरकारला जिल्ह्याचं चित्र देते, तिसरी मुलाचा निर्णय करते. घरी मात्र सगळ्यांना एकच शब्द : परीक्षा.

आता तळोद्याच्या वर्गात या. तळोदा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. एकाच बाकावर घरी भिली बोलणारं मूल, पावरी बोलणारं मूल आणि अहिराणी बोलणारं मूल बसलेलं असू शकतं. पेपर प्रमाण मराठीत. गणिताच्या पेपरात समजा असा प्रश्न आला : “गाडी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी फलाटावर आली व २५ मिनिटे थांबली, तर ती किती वाजता सुटली?” मोजायची आहे मिनिटांची बेरीज. पण तळोद्यात रेल्वे नाही, रेल्वे बघायची तर नंदुरबारला जावं लागतं. ‘फलाट’ या शब्दापाशी मूल थांबलं आणि प्रश्न सोडून पुढे गेलं, तर आपण काय मोजलं? गणित नाही. त्या मुलाने रेल्वे पाहिली आहे का, एवढंच. त्याच मुलाला बसस्टँडवरची एसटी सांगून तोंडी विचारा, कदाचित झटकन सांगेल. सप्रमाणतेची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे एक उदाहरण लक्षात ठेवा.

माझा विषय रसायनशास्त्र, म्हणून मला यात स्पेक्ट्रोफोटोमीटर आठवतो. रीडिंग घेण्याआधी आपण क्युव्हेट टिश्यूने पुसतो. बोटाचा ठसा राहिला तर प्रकाश तिथे अडतो आणि आकडा चुकतो. क्युव्हेट पुसणं म्हणजे फसवणूक नव्हे, उलट त्याशिवाय मापन खरं होत नाही. पण आकडा वाढावा म्हणून कोणी नमुन्यात रंगाचा थेंब टाकला तर? मुलांच्या ‘तयारी’त या दोन्ही गोष्टी एकाच नावाने चालतात, आणि आपलं काम त्या वेगळ्या ओळखायचं.

पुसण्याच्या गोष्टी साध्या आहेत. पेपर दिसतो कसा, उत्तर कुठे लिहायचं, ‘योग्य पर्यायाला गोल करा’, ‘चौकटीत लिहा’, ‘जोड्या लावा’ या सूचनांचा अर्थ काय, हे मुलांना आधी माहीत हवं. सूचना घरच्या बोलीत एकदा समजावून सांगा आणि मुलाकडून परत सांगून घ्या. ‘कळलं का?’ विचारू नका, त्याला सगळी मुलं ‘हो’च म्हणतात. एखादा प्रश्न आला नाही तर तो सोडून पुढे जायचं आणि मग मागे यायचं, हेसुद्धा शिकवावं लागतं. काही मुलं पहिल्या अडलेल्या प्रश्नावरच पाऊण तास बसून राहतात. बाकी झोप, सकाळचं खाणं, दोन पेन्सिली. आणि आई-वडिलांना सांगा की या चाचणीवरून मारायचं नाही.

अभ्यास कसा घ्यायचा? इथे एक प्रयोग उपयोगी आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं : आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे धडा दहा वेळा वाचून घेण्यापेक्षा पुस्तक मिटून ‘आता सांग बरं’ म्हणणं बरं, तेही गुण न देता. (संशोधनाचा अभ्यास करताय म्हणून सांगते : तो प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर झाला होता. तिसरीतल्या पावरी बोलणाऱ्या मुलीला तेच आकडे लावू नका. दिशा घ्या, आकडे नको.)

आता रंगाचा थेंब. मागच्या वर्षीचे पेपर आणून तेच प्रश्न उत्तरांसकट घोटून घ्यायचे, हा प्रकार सगळीकडे चालतो. गुण वाढतात, यात वाद नाही. प्रश्न असा की त्या वाढीचा अर्थ काय? डॅनिएल कोरेट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेला एक अभ्यास मला फार आवडतो. अमेरिकेतल्या एका जिल्ह्यात (नाव गुप्त ठेवलं होतं) शाळांनी जुनी प्रमाणित चाचणी बदलून नवी आणली. पहिल्या वर्षी तिसरीचे गणिताचे गुण धाडकन उतरले, सुमारे अर्ध्या शैक्षणिक वर्षाइतके. चार वर्षांत ते चढत जाऊन पुन्हा जुन्या पातळीला आले. सगळे खूश. मग संशोधकांनी मुलांच्या एका नमुन्याला ती जुनी, बंद केलेली चाचणी दिली. तिच्यात गुण तेवढेच कमी आले जेवढे नव्या चाचणीत पहिल्या वर्षी आले होते. म्हणजे गणित वाढलं नव्हतं, त्या-त्या पेपराची सवय वाढली होती. कोणी कॉपी न करताही असं होऊ शकतं, हे विशेष.

तळोद्यासारख्या ठिकाणी ही खोटी वाढ महागात पडते. कारण पायाभूत चाचणीचा उपयोगच मुळी कोणाला वजाबाकी येत नाही हे कळण्यासाठी आहे. घोटलेल्या उत्तरांनी ते मूल ‘येतं’च्या यादीत गेलं की त्याला वेगळा वेळ द्यायचं कारणच उरत नाही. पुढे पाचवीच्या वार्षिक परीक्षेत ते अडकतं, आणि तेव्हा खूप उशीर झालेला असतो.

शेवटचा मुद्दा, आणि मला वाटतं सगळ्यात दुर्लक्षित : चाचणीच्या दिवशी वर्गात कोण आहे?

दिवाळीच्या आसपास नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर कामांना गुजरातेत किंवा इतरत्र जातात. पायाभूत चाचणीला असलेली मुलं पहिल्या संकलित चाचणीला असतीलच असं नाही. कागदावर हे गणित करून बघा, आकडे कल्पनेतले आहेत. वर्गात ३० मुलं, पायाभूत चाचणीची सरासरी १२ गुण. त्यातली ८ मुलं स्थलांतरित झाली, त्यांची सरासरी ६ होती. उरलेल्या २२ जणांची सरासरी किती? एकूण ३६० वजा ४८, म्हणजे ३१२, भागिले २२ : सुमारे १४.२. कोणीही एक अक्षर नवीन शिकलं नाही आणि वर्गाची ‘प्रगती’ दोन गुणांनी झाली! गैरहजेरी यादृच्छिक नसली की सरासरी अशी फसवते. संख्याशास्त्राच्या पुस्तकात याला ‘मिसिंग नॉट ॲट रँडम’ म्हणतात.

म्हणूनच ‘असर’च्या पाहणीची पद्धत समजून घ्या. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ती करत आली आहे. ते शाळेत नाही तर घरोघरी जातात, एकेका मुलाशी समोरासमोर बसून तोंडी विचारतात : दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का, हातच्याची वजाबाकी येते का, भागाकार येतो का. पेपर न वाचता येणारं मूलही त्यात मोजलं जातं. पण कुलूप लावून परगावी गेलेल्या घरातलं मूल त्यातही सुटतं. प्रत्येक साधनाचं आंधळं ठिकाण वेगळं असतं.

तेव्हा तुम्ही गावी मदतीला गेलात तर शिक्षकांना एक विनंती करा. वर्गाची सरासरी काढताना दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या मुलांचीच तुलना करायची, आणि गेलेल्या मुलांची यादी तिच्या शेजारीच ठेवायची. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं, त्यावर मूल कुठपर्यंत शिकलंय हे नीट भरलेलं असेल तर दुसऱ्या गावच्या गुरुजींना सुरुवात कुठून करायची ते कळतं. सातपुड्यात होळी मोठी, तेव्हा बरीच कुटुंबं गावाकडे येतात. त्या दिवसांत सुट्टी मिळाली तर परत आलेल्या मुलांबरोबर अर्धा तास बसा. पायाभूत चाचणीतलेच चार प्रश्न, आकडे बदलून, तोंडी, त्यांच्या बोलीत विचारा आणि उत्तरं वहीत तारखेसकट लिहून शिक्षकांकडे द्या. एप्रिलमधल्या चाचणीपर्यंत त्यांच्या हातात तीन-चार आठवडे उरतात.