शाबासकी आणि उभारी

मुलाचे कौतुक आणि त्याला दिलेले उत्तेजन, हे एकच नव्हे. कौतुक हे झालेल्या कामाला किंवा मुलाला गुण देते: ‘छान’, ‘हुशार’. उत्तेजन कामाकडे बघते: काय जमले, कसे जमले, कुठे अडले. ऑस्ट्रियन मानसतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचारातून आलेला हा भेद त्यांचे अनुयायी रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी पालक-शिक्षकांपर्यंत नेला.

गैरसमज: ‘हुशार’ म्हटले की आत्मविश्वास वाढतो.
वस्तुस्थिती: पहिली ठेच लागेपर्यंतच. मानसतज्ज्ञ क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचे १९९८ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग पाचवीच्या मुलांवर होते. कोडी सुटल्यावर काहींच्या हुशारीची तारीफ झाली, काहींच्या मेहनतीची. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यानंतरच्या सोप्या फेरीत ‘हुशार’ मुले घसरली. शिवाय त्यांच्यातल्या जवळजवळ ४० टक्के मुलांनी आपले गुण वाढवून सांगितले.

गैरसमज: मग ‘मेहनत केलीस’ म्हटले की झाले.
वस्तुस्थिती: तेही मोघमच. पेण तालुक्यात, हमरापूर-जोहे परिसरात गणपतीचे कारखाने घरोघर आहेत. मूर्तीचे डोळे रंगवणे, म्हणजे आखणी, हे सर्वांत जोखमीचे काम. समजा, घरचे पोर आखणीवर हात बसवते आहे. ‘खूप मेहनत घेतलीस’ म्हटल्याने त्याचा हात स्थिर होत नाही. ‘वरची रेघ एका दमात आली. खाली कुंचल्यात रंग जास्त झाला, म्हणून ओघळला. पूस आणि पुन्हा ओढ,’ यात जमलेले आहे, चूक आहे, चुकीचे कारण आहे आणि दुसरी संधीही.

गैरसमज: धीट मूल रडत नाही.
वस्तुस्थिती: ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. अशा वेळी धीट मूलही रडते. त्याला ‘तू शूर आहेस, रडू नकोस’ म्हणणे ही शाबासकीच, पण तोंड बंद करणारी. भीती ऐकून घ्यावी आणि झेपेल ते काम द्यावे: झावळ्या ओढणे, नव्या रोपाला पाणी घालणे. सावरायला याची मदत होते.

गैरसमज: कौतुक बंदच करावे.
वस्तुस्थिती: मनापासून निघालेल्या ‘वा!’ने काही बिघडत नाही. उलट, शब्द बदलले की मूल पालटेल, ही आशाही फोल. २०१९ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात ‘बुद्धी वाढवता येते’ हे मुलांना शिकवून गुणांत झालेला फायदा थोडाच होता, आणि तो अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला.