न दिसणारा हर्निया

हर्निया म्हटले की जांघेतला किंवा बेंबीचा फुगवटा आठवतो. पण स्पिगेलियन हर्निया अनेकदा दिसतच नाही. बेंबीखाली, पोटाच्या उभ्या स्नायूच्या कडेला आतडे आतल्या थरांतून निसटते आणि वरच्या थराखाली दबून राहते. पोटाच्या शंभर हर्नियांत असा एखाद-दुसराच.

हडपसरच्या मंडईत पाट्या उचलणाऱ्या, घरी हंडे वाहणाऱ्या आपल्या भगिनी ही कळ ‘गॅस’ म्हणून अंगावर काढतात. खोकताना, वजन उचलताना एकाच जागी दुखत असेल तर सर्जनला दाखवा. महिला डॉक्टर नसेल तर गरजेपोटी पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे जायज आहे. उभ्याने खोकायला लावून केलेल्या सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये छिद्र सापडते.

छिद्राचे तोंड अरुंद असल्याने आतडे पिळले जाण्याचा धोका मोठा. म्हणून ऑपरेशन टाळू नये. बहुधा दुर्बिणीतून आतडे आत घेऊन जाळी बसवतात. उलट्या, फुगलेले पोट, असह्य कळ असेल तर सकाळची वाट न पाहता ससून किंवा जवळचे इस्पितळ गाठा.

आजाऱ्याला नमाज बसून अदा करण्याची सवलत आहे. आजार लपवण्याची नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे.