खाऱ्या हवेतील छत आणि सौर पॅनेल

कॅराव्हॅन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि प्रसाधनाची सोय असलेले, मोटारीमागे जोडून ओढायचे किंवा स्वतःच्या इंजिनावर चालणारे फिरते घर. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा वाहनांच्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. पेणहून वडखळ, नागोठणे, कोलाड या मार्गाने रोह्याकडे उतरणारा टापू अशा मुक्कामांना अनुकूल आहे, कारण एका बाजूला धरमतरची खाडी, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेचे खोरे आणि दोहोंमध्ये सपाट, मोकळी जागा आढळते. मात्र अशा मुक्कामी विजेची जोडणी हाताशी असतेच असे नाही, आणि म्हणून वाहनाच्या छतावर सौर पॅनेल बसवण्याचे काम अनेक हौशी मालक स्वतःच हाती घेतात. हे काम विजेचे समजून सुरू केले जाते. पण पेण-रोह्याच्या हवामानात त्यातील खरे कौशल्य पाणी आणि गंज यांना अडवण्यात आहे, हे काम जवळून पाहिल्यावर ध्यानात येते.

रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पेणच्या खारेपाटात, म्हणजे भरतीचे पाणी बांधांनी रोखून राखलेल्या सखल जमिनीच्या पट्ट्यात, वाऱ्याबरोबर क्षार येतात. रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. अशा हवेत उघड्या धातूचे आयुष्य कमी होते. त्यामुळे कोरड्या प्रदेशातील माणसाने लिहिलेली बसवणुकीची पद्धत येथे जशीच्या तशी वापरणे धोक्याचे ठरते.

कामाचा आरंभ गरजेच्या मोजणीने होतो. विजेचा वापर वॉट-तासांत मोजतात, म्हणजे उपकरणाचे वॉट गुणिले ते चालण्याचे तास. तीस वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा आठ तास चालला तर २४० वॉट-तास, पाच वॉटचे चार दिवे पाच तास लावले तर १०० वॉट-तास, आणि ४५ वॉटचा छोटा कॉम्प्रेसर-फ्रिज दिवसातील निम्मा वेळ चालला तर ५४० वॉट-तास लागतात; फोनचे चार्जिंग धरून बेरीज सुमारे ९२० होते. कोरड्या महिन्यांत पूर्ण तीव्रतेच्या उन्हाचे साडेचार तास धरले आणि उष्णता, धूळ व तारा यांतील घट वजा करून सत्तर टक्के उत्पादन गृहीत धरले, तर ३०० वॉटच्या पॅनेलमधून जवळजवळ ९४५ वॉट-तास मिळतात, म्हणजे गरज जेमतेम भागते. आषाढातल्या दाट ढगांखाली हे उत्पादन अगदी थोड्या अंशावर येते, आणि तेव्हा फ्रिजचा विचार सोडूनच द्यावा लागतो.

पॅनेलवर छापलेले वॉट हे त्यातील सौर पेशींचे तापमान २५ अंश सेल्सियस असतानाचे असतात. मे महिन्यात छतावरील पेशी ६० अंशांपर्यंत तापतात आणि तापमानाच्या प्रत्येक वाढीव अंशामागे उत्पादन साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी घटते, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात सुमारे एक-अष्टमांश वीज उष्णतेतच जाते. पॅनेल छताला चिकटवून न टाकता खालून हवा खेळेल एवढी फट ठेवण्याचे हे एक कारण आहे. पॅनेलच्या कलाचा, म्हणजे उताराचा, प्रश्न येथे तुलनेने सौम्य आहे: पेण साधारण १८.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही थेट माथ्यावर येतो, आणि आडवे ठेवलेले पॅनेलही वर्षाचा बराच काळ चांगले काम देते. तरीही ते पूर्ण आडवे ठेवू नये, कारण चौकटीच्या खालच्या कडेला पाणी साचून मातीची रेघ धरते आणि पेशींची ती एक ओळ कायम सावलीत राहते. सावलीचा परिणाम तिच्या आकाराच्या मानाने फार मोठा असतो. पेशी एकामागे एक जोडलेल्या असल्याने एक झाकली की तिच्या साखळीतील प्रवाह अडतो. पॅनेलमधील बायपास डायोड हा घटक प्रवाहाला वळसा देतो, पण तो भाग उत्पादनातून वगळला जातो. नारळी-पोफळीच्या वाडीत गाडी लावली तर एका झावळीची फिरती सावलीही उत्पादन घटवायला पुरेशी होते. मुक्कामाला सावली हवी असते आणि छताला ऊन. या दोहोंत मालकाला रोज निवड करावी लागते.

आता छताकडे. बहुतेक छते ॲल्युमिनियमच्या पत्र्याची किंवा फायबरची असतात आणि त्यांच्याखाली लाकडी वा लोखंडी सांगाडा असतो. पत्र्याला पाडलेले प्रत्येक भोक ही पुढील पावसाळ्यातील संभाव्य गळती असते, आणि ही गळती लगेच दिसत नाही. पाणी आतल्या प्लायवूडमध्ये मुरते, सांगाड्याच्या कडेने सरकते आणि मूळ भोकापासून दूर कुठेतरी डाग उमटवते. म्हणून ब्रॅकेट शक्यतो पॉलियुरेथेनच्या चिकट सीलंटने बसवतात आणि स्क्रू लावायचेच असतील तर ते सांगाड्यात घेऊन, डोक्याखाली ब्यूटाइल टेप देऊन, वरून पुन्हा सीलंट भरतात. आंबूस वास येणारे साधे सिलिकॉन येथे टाळावे: ते पक्के होताना सुटणारे आम्ल धातूला खाते, आणि एकदा लागलेल्या सिलिकॉनच्या थरावर दुसरे काही नीट धरत नाही. पॉलियुरेथेन हवेतील दमटपणा शोषूनच पक्के होते, त्यामुळे कोकणची दमट हवा त्याला मारक नाही. परंतु ज्या पृष्ठभागावर ते लावायचे तो मात्र पूर्ण कोरडा, तेलकटपणा काढलेला आणि हलका घासलेला असावा लागतो. खाऱ्या भागात आणखी एक दक्षता लागते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचा स्क्रू थेट बसवला आणि त्यावर क्षारयुक्त ओल साचली, तर दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते. मध्ये नायलॉनचा वॉशर घातल्याने ही झीज बरीच रोखली जाते, आणि ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील वापरल्यास स्क्रू स्वतः सहसा गंजत नाही.

धावत्या गाडीच्या छतावर वारा हा दुसरा भार आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ३०० पास्कल, म्हणजे जवळपास ३० किलो वजनाइतका असतो, आणि पॅनेलखालच्या फटीत शिरणारी हवा त्याला वर उचलू पाहते. याला रस्त्याच्या हादऱ्यांची जोड मिळते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू होऊन वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि त्या काळात या रस्त्याने नेलेल्या प्रत्येक वाहनाचे नट-बोल्ट कसोटीला लागले आहेत. आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने न सुटणारे नट येथे लागतातच.

छतावरून आत येणारी तार आत शिरण्याच्या भोकापाशी आधी खाली वळवून मग वर घ्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी वळणावरच गळून पडते. त्या भोकावरील झाकणाचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला असावे. दोन पॅनेल समांतर न जोडता एकामागे एक जोडल्यास विजेचा दाब दुप्पट आणि प्रवाह निम्मा होतो, त्यामुळे तारेतील वीजहानी चौथ्या हिश्श्यावर येते. मात्र झावळीची सावली तेव्हा अधिक बोचते, आणि दाब कमी करून बॅटरीला योग्य वीज पुरवणारा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर घ्यावाच लागतो. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी आणि नंतर पॅनेल. सोडवताना पॅनेल आधी. उन्हात पॅनेल बंद करता येत नाही, म्हणून जोडणीच्या वेळी ते जाड कापडाने झाकणे हाच खरा बंदोबस्त. बॅटरीच्या धन टोकापाशी, अगदी जवळ, फ्यूज असलाच पाहिजे, कारण बॅटरीच्या थेट शॉर्टमधून निघणारा प्रवाह क्षणात तार पेटवू शकतो. या एका बाबतीत काटकसर अक्षम्य आहे.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. छतावरील सामानाने वाहनाची उंची आणि वजन वाढते, तेव्हा काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे. एमएच-०६ ही नोंदणी देणारे रायगडचे कार्यालय पेणमध्येच आहे.

कुंडलिकेच्या खोऱ्याचे विजेशी नाते जुने आहे. कोलाडजवळ या नदीत राफ्टिंग चालते ते भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेल्या पाण्यावर. टाटांचे हे केंद्र १९२७ पासून मुंबईला वीज पुरवत आले आहे, आणि ज्या मुळशी धरणाच्या पाण्यावर ते चालते त्यासाठी जमिनी गमावणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला होता. त्याच खोऱ्यात छतावर घरच्यापुरती वीज तयार करणाऱ्याने या इतिहासाची जाण ठेवावी, असे वाटते.

कोकणात आगोटीपूर्वी, म्हणजे पावसाळा सुरू होण्याआधी, घर शाकारतात, तशी या छताचीही तपासणी मे महिन्यातच उरकावी लागते: सीलंटच्या कडा नखाने चाचपाव्यात, सैल नट आवळावेत, जोडणीच्या टोकांवरील हिरवट-पांढरा थर घासून त्यावर व्हॅसलिन लावावे. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि अधूनमधून चार्ज करावी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी मात्र साधारण निम्मी भरून, सर्व उपकरणांपासून सोडवून, कोरड्या जागी ठेवावी.