चालते टर्बाइन उघडायचे कशासाठी?

उरणच्या वायू विद्युत केंद्राची क्षमता ६७२ मेगावॅट आहे. १०८ मेगावॅटची चार गॅस टर्बाइने आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर वाफ तयार करून चालणारी, प्रत्येकी १२० मेगावॅटची दोन वाफेची टर्बाइने अशी ही बेरीज आहे. अशा केंद्रातील सुरळीत चालणारे गॅस टर्बाइन काही वर्षांनी मुद्दाम बंद करतात, त्याचे कवच उघडतात आणि आतला भाग न् भाग तपासतात. बिघाड नसताना हा खटाटोप कशासाठी?

याचे उत्तर पात्यांत आहे. ज्वलनकक्षातून येणारे वायू हजार-बाराशे अंश सेल्सियस, नव्या यंत्रांत त्याहूनही तप्त असतात. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात तो तेराशेच्या आसपास वितळतो. म्हणून पात्यांच्या पोटातून तुलनेने थंड हवा खेळवावी लागते. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही मोठी यंत्रे मिनिटाला ३००० फेरे घेतात. अक्षापासून एक मीटरवर एक किलोग्रॅमची वस्तू असेल तर तिला वर्तुळात धरून ठेवायला किती बल लागेल, हे अकरावीच्या विद्यार्थ्यांना काढायला सांगा. उत्तर ९८,७०० न्यूटनच्या आसपास येईल, म्हणजे जवळजवळ दहा टनांचे वजन! लाल तापलेला धातू अशी ओढ हजारो तास सोसतो आणि अगदी सावकाश लांबत जातो. याला विसर्पण म्हणतात. धातूचे तापमान दहा-पंधरा अंशांनी वाढले तर पात्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. थंड हवेचे एखादे बारीक छिद्र बुजले तरी तेवढे पुरते. आणि बाहेरच्या मापकांवर ते दिसेलच असे नाही.

दुसरे कारण यंत्र वारंवार चालू-बंद करण्याचे. गार काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की पेला तडकतो. धातू इतका ठिसूळ नसतो, पण दर वेळी तापून-निवून त्याला शीण येतो आणि बारीक चिरा पडतात. दिवसा सौर वीज मिळू लागल्यापासून वायू केंद्रे संध्याकाळपुरती चालवण्याचे प्रमाण अनेक देशांत वाढले आहे. तेथे चाललेल्या तासांपेक्षा सुरू करण्याच्या खेपांचा हिशेब आधी भरतो. मोठ्या टर्बाइनांच्या एका प्रचलित वेळापत्रकात ८,००० तासांनी ज्वलनकक्ष, २४,००० तासांनी पाती आणि ४८,००० तासांनी संपूर्ण यंत्र तपासतात. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे अखंड चालल्यास साडेपाच वर्षे.

यंत्र थांबवले की लगेच उघडता येत नाही. तापलेला, कित्येक टनांचा रोटर स्थिर ठेवला तर वाकतो, म्हणून निवेपर्यंत तो सावकाश फिरवत ठेवतात. पुढे मात्र घाई असते, कारण बंद यंत्र वीज विकत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मंडप उभा राहिल्याशिवाय दिवे लागत नाहीत, पण नाटकाची तालीम तोवर चालू शकते. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी साखळी सर्वांत लांब, तीच एकूण मुदत ठरवते. ही पद्धत अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत १९५०च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली. लुइव्हिल येथील कारखान्याच्या देखभालीसाठी ती वापरली, तेव्हा बंदचा सरासरी काळ १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. आपल्या कामात ही साखळी बहुधा क्रेनवरून जाते. कवच, रोटर, जनित्राचे भाग सगळेच उचलायचे, आणि क्रेन एकच! त्यातून उघडल्यावर अनपेक्षित चीर सापडली आणि सुटा भाग हाताशी नसला, तर सगळे वेळापत्रक कोलमडते. माझ्या मते नियोजकाची खरी परीक्षा काम सुरू होण्याआधी वर्षभर, सुट्या भागांची मागणी नोंदवतानाच होते.

घाई कोठे चालत नाही? वायूच्या नळ्यांपाशी. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीने स्फोट होतो. म्हणून नळी उघडण्यापूर्वी तिच्यातून नायट्रोजन सोडतात, म्हणजे मिथेन आणि हवा यांची गाठच पडत नाही. पण नायट्रोजनही श्वास कोंडतो. त्यामुळे बंदिस्त जागेत शिरण्यापूर्वी ऑक्सिजन मोजतात. झडपांना कुलपे लावतात आणि लेखी परवान्याशिवाय कोणी हात लावत नाही. ७ फेब्रुवारी २०१० रोजी अमेरिकेतील मिडलटाउन येथे एका नव्या वायू केंद्राची उभारणी संपत आली होती. नळ्यांतील कचरा काढण्यासाठी त्यांतून दाबाखालचा नैसर्गिक वायूच सोडण्यात आला. बाहेर पडलेला वायू पेटला आणि सहा जण मरण पावले. हेच काम दाबाखालच्या हवेने करता येते, असे चौकशीनंतर तेथील मंडळाने बजावले.

कवच बसवण्यापूर्वी आत नेलेला प्रत्येक पाना, विजेरी आणि नट यादीशी ताडून पाहतात. एक नट जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत क्रेन उभी राहते.