उधारी नसलेल्याची पत

गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांजवळ हार-नारळ विकणाऱ्याने जन्मात कुणाचा पैसा बुडवला नसेल, तरी बँकेच्या लेखी त्याची पाटी कोरीच असू शकते. कारण ३०० ते ९०० मधला सिबिल स्कोअर सचोटी किंवा श्रीमंती मोजत नाही. घेतलेली उधारी कशी वापरली आणि कशी फेडली, हेच तो मुख्यतः पाहतो. बचत खात्यातली शिल्लक त्यात धरलीच जात नाही. मग स्कोअरसाठी कर्जात पडायचं का? मुळीच नाही. पूर्वीचं कर्ज नाही एवढ्याच कारणाने पहिला अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलं आहे. (शाखेत ते कितपत पोचतं, हा वेगळा विषय.)

क्रेडिट कार्ड घेतलंच, तर बिल पूर्ण भरावं. ‘किमान रक्कम भरली की झालं’ हा समज महागात पडतो: थकबाकीची नोंद टळते, पण उरलेल्या रकमेवर अनेक कार्डांवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात व्याज चढतं आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. स्वतःचा स्कोअर पाहिल्याने तो घटतो, ही भीती मात्र निराधार आहे. स्कोअर काढणाऱ्या, सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात चूक दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई देय आहे.